भोपळ्याची नथ

"टोपलीत काय आहे?"

तटरक्षक दलाच्या गस्तीनौकेने आमची होडी मेघना नदीच्या मधोमध अडवली होती. इलिश मासा अंडी घालतो त्या दिवसांत मासेमारीला बंदी असते, आणि कोळ्याची होडी दिसली की यांना संशय येतोच. वल्हं माझ्या हातात, आब्बा मागे सुकाणूवर.

"उघडून बघा की, साहेब," मी म्हणाले.

झाकण उचलणाऱ्या खलाशाच्या छातीवर नाव होतं – रेजाउल. आत निघाले बाजारात न्यायचे भोपळे. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"कोळ्याच्या होडीत... भोपळे?"

"इलिश धरला तर तुम्ही आम्हाला धरता. भोपळ्याला कोण धरतंय?"

तो ओठ दाबून हसला. मला ते हसणं आवडलं, उगाच कशाला लपवू!

मग तो रोजच अडवायला लागला. झाकण जेमतेम उचलायचा, गप्पा मात्र संपायच्या नाहीत.

"या पोराला भोपळ्यांचा एवढा कसला संशय?" आब्बा कुरकुरायचे. मी आपली लाटा बघत बसायचे.

एक दिवस त्याने भोपळा विकत घेतला आणि माझ्याकडे न बघता, धीर करून बोलला, "चाचा, उद्या आमची नौका मोंगला बंदराला जातेय. त्याआधी... मोयनासाठी मागणी घालायची होती."

"घाल ना. रिवाजाप्रमाणे इलिश आण, लाल कापडात गुंडाळून, माशाला नथ घालून. रिकाम्या हाताने येणाऱ्याला मी मुलगी देत नाही."

"पण बंदी—"

"ते तुझं तू बघ."

माझा जीव टांगणीला. बाजारात इलिश चोरून मिळायचा, सगळ्यांना ठाऊक होतं. आणला तर त्याची वर्दी जाणार, नाही आणला तर तोच जाणार.

दुसऱ्या सकाळी गस्तीनौका आमच्या घाटाला लागली. रेजाउल लाल कापडात काहीतरी घेऊन उतरला. आब्बांनी कापड बाजूला सारलं. आत कालचाच भोपळा, देठाला दोऱ्याने बांधलेली सोन्याची इवलीशी नथ.

"इलिश बंदी उठल्यावर आणेन, चाचा. आज नाही. तुम्ही मुलगी दिली नाहीत तरी नाही."

आब्बांनी भोपळा उचलून हातात तोलला. म्हणाले, "इलिश आणला असतास तर त्याच्यासकट तुला पाण्यात ढकललं असतं. पोटुशी मासळी मारणाऱ्याच्या घरी लेक देईन होय मी?" आणि माझ्याकडे वळले. "मोयना, काढ ती नथ. भोपळ्याला शोभत नाही."

मी दोरा सोडवायला बसले. गाठ काही सुटेना.

"मी सोडवू?" रेजाउल हळूच म्हणाला.

"गाठ तुम्हीच मारलीत ना, साहेब," मी म्हणाले, "आता राहू द्या तशीच."

आणि देठावरून दोरा तसाच सरकवून, गाठीसकट ती नथ मी नाकाशी धरली.