वरच्या खोलीची केबल

वर्सोव्याच्या कोळीवाड्यातलं आमचं जुनं घर पाडून नवं बांधायला घेतलं, तेव्हा धाकटा भाऊ निमेश आणि मी एकाच गोष्टीवरून भांडलो. कॅमेरे, बेल, इंटरनेट सगळं वायरलेस घेऊ, असं त्याचं म्हणणं. मी नेटवर्क इंजिनिअर. जाड भिंतींत सिग्नल कसा मरतो ते रोज बघते. म्हटलं, केबल भिंतीतूनच जाणार.

"नेत्राचं ऐक रे. तिला कळतं त्यातलं," आई म्हणाली आणि विषय संपला.

विजेचं काम आटोपलं. राहिली होती फक्त इंटरनेटची केबल, खालच्या बोर्डापासून वरच्या खोलीपर्यंत. दुपारची वेळ होती. खिडक्यांना अजून तावदानं नव्हती; वाळत घातलेल्या बोंबलांचा वास ओल्या प्लास्टरच्या वासात मिसळत होता. वायरमन किरण खालून केबल पाइपात सरकवत होता. निमेश वरच्या टोकाशी बसला होता.

किरण मध्येच थांबला. त्याने हात काढून घेतला, तरी केबल आत जातच राहिली.

"निमेशभाऊ, हळू खेचा ना!"

"मी कुठे खेचतोय? इथे अजून आलीच नाही," वरून आवाज आला.

पाइप जेमतेम एका मजल्याचा. जमिनीवरचं भेंडोळं मात्र कमी कमी होत होतं. थोडी ओढ, मग विसावा, मग पुन्हा ओढ. कुठेतरी पाइप फुटला असेल, केबल पोकळीत घसरत असेल, असं मी मनाशी म्हटलं. पण केबल वर चढत होती.

आई पुढे आली. जन्मभर किनाऱ्यावर होडीचे दोर ओढलेली बाई. तिने केबल तळहातावर घेतली आणि डोळे मिटले.

"मोठ्या माणसाचा हात नाय ह्यो," ती म्हणाली. "लहान हाय काहीतरी."

निमेश वैतागून खाली आला. "काय चाललंय यार!" म्हणत त्याने केबल मुठीभोवती गुंडाळली आणि उलटी खेचली.

त्याची मूठ भिंतीवर आपटली. बोटं पाइपाच्या तोंडात शिरली. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला.

किरणची पक्कड उचलून मी केबल कापली. तुटलेलं टोक सरकन आत गेलं.

किरण गेला तो परत आलाच नाही. फोनही उचलला नाही.

पाइपाची दोन्ही तोंडं मी स्वतः सिमेंटने बुजवली. घरात सगळं वायरलेस बसवलं. "मी सांगितलं होतं," असं निमेश एकदाही म्हणाला नाही. त्याची दोन बोटं आता वाकत नाहीत. वरच्या खोलीत सिग्नल छान येतो, यायला हवा त्याहून चांगला. का येतो, ते मी शोधलं नाही.

गेल्या महिन्यात ऑफिसमधून लवकर घरी आले. आई बोर्डापाशी पाटावर बसली होती, माझ्याकडे पाठ करून. सिमेंट कोरून काढलेलं होतं. जाळं विणायचं सूत ती बोटाबोटाने पाइपात सोडत होती आणि काहीतरी गुणगुणत होती.

"आये, काय करतेस?"

"हळू बोल गो," ती मागे न बघता म्हणाली. "आत्ताच झोपलंय."

मी जवळ गेले. सुताचं दुसरं टोक तिने स्वतःच्या मनगटाला बांधलं होतं. गाठीखालची कातडी पांढरी पडली होती.