चाळीस टक्क्यांवर झोपणारा भोपळ्या

भोपळ्याच्या पोटावर चाळीस टक्के बॅटरी दिसत होती, आणि तरीही तो हातवारे करत गोष्ट सांगता सांगता वाक्याच्या मध्येच डोळे मिटून गप्प झाला. आता तुम्हीच सांगा, चाळीस टक्के म्हणजे काय थोडंथोडकं झालं?

“अरे, ऊठ ना!” शर्वाणीने त्याला गदागदा हलवलं. छे! ढिम्म.

भोपळ्या म्हणजे गुडघ्याएवढा, गोल गरगरीत, नारिंगी यंत्रमानव. शर्वाणी अकरा वर्षांची. तिची आई खोल समुद्रातल्या पवनचक्क्यांवर इंजिनिअर होती आणि महिन्यातून जेमतेम चार दिवस किनाऱ्यावर यायची. बाकीचे दिवस शर्वाणी देवगडच्या वसाहतीत मामाकडे. मामा भला माणूस, पण कँटीन सांभाळताना त्याला शिंकायलाही फुरसत नसे. शाळा पडद्यावर, मैत्रिणीही पडद्यावर. दुपारी पडदा काळा झाला की घर इतकं सुनं वाटायचं, की तिला उगाचच रडू यायचं. बोलायला होता तो हाच एक, सात वर्षांचा सोबती.

हल्ली तो फार मंदावला होता. सकाळी काही विचारावं, तर उत्तर पोहे संपल्यावर! म्हणून आईने नवा यंत्रमानव मागवला होता. रविवारी दुकानाचा माणूस येऊन नवा ठेवणार आणि जुना घेऊन जाणार. जुन्याच्या आठवणी नव्यात उतरत नाहीत, हे जाहिरातीत अगदी बारीक अक्षरांत छापलं होतं. शर्वाणीने ते वाचलं होतं. आणि आज शुक्रवार होता.

तिने भोपळ्याला कडेवर घेतलं आणि तळमजल्यावरच्या खरमाळेआजींचं दार वाजवलं. आजींनी आयुष्यभर बॅटऱ्यांवर संशोधन केलं होतं. पण जीभ अशी फटकळ, की त्यांच्याकडे कुणी फिरकत नसे.

“आजी, हा म्हातारा झालाय का हो?”

“म्हातारी मी झालेय! ठेव त्याला टेबलावर. अगंबाई, याला हे काय घातलंयस?”

भोपळ्याच्या अंगावर, पोटावरचा आकडा तेवढा उघडा ठेवून, जाड गोधडीचं कव्हर होतं. आपल्याकडे ही हौस फार! फ्रिजला कव्हर, मिक्सरला कव्हर, रिमोट तर जन्मभर प्लॅस्टिकमध्येच.

“खारा वारा लागू नये म्हणून आईने शिवलंय. मी कधीच काढत नाही. फिरत नसेल तेव्हा चार्जरही सतत लावलेला असतो. तो उपाशी राहू नये म्हणून.”

आजींनी कपाळाला हात लावला. “नीट ऐक. बॅटरीत दोन घरं आहेत असं समज. त्यांच्यात लिथियमचे आयन (विद्युतभार असलेले सूक्ष्म कण) ये-जा करतात. चार्ज करताना इकडे, वापरताना तिकडे. या येरझाऱ्यांत दाराशी थोडं थोडं किटण साचतं. अशी गोधडीत गुंडाळून बॅटरी तापली किंवा कायम शंभर टक्के भरलेली ठेवली, की ते भराभर साचतं आणि वाट अरुंद होते. त्याला म्हणतात अंतर्गत रोध (विजेला बॅटरीच्या आतच होणारा अडथळा).”

“पण चाळीस टक्के तर शिल्लक होते!”

“शाबास! खरी मेख तिथेच आहे. पिंपात पाणी आहे, पण तोटीत कचरा अडकलाय. थेंब थेंब मिळेल. पण बादली भरून एकदम मागितलंस तर? याला हातपाय हलवताना एकदम जास्त वीज लागते. ती ओढली, की विद्युतदाब (वीज पुढे ढकलणारा जोर) धाडकन उतरतो आणि स्वारी बंद. तसं होऊ नये म्हणून याचा प्रोग्रॅमच याला हळूहळू विचार करायला लावतो. डोकं ठणठणीत आहे गं त्याचं!”

शर्वाणीचे डोळे भरून आले. “म्हणजे मीच त्याला आजारी पाडलं?”

“सात वर्षांत बॅटरी थकतेच. तू थोडी आधी थकवलीस, एवढंच. माया करताना होतं असं.”

आजींनी हातमोजे चढवले. “तू हात लावायचा नाहीस, लांबून बघ. लोक वस्तू घेताना रंग बघतात, आवाज बघतात. मी वस्तू पालथी करून बघते. स्क्रू असले तर घेते, नुसता डिंक असला तर परत ठेवते. जी उघडता येत नाही ती वस्तू आपली नव्हेच, असं माझं मत. लोक मला खडूस म्हणतात. म्हणोत बापडे!”

नशीब, भोपळ्याच्या तळाला चार स्क्रू होते. आजींनी कपाटातून त्याच जातीची नवी बॅटरी शोधून बसवली. भोपळ्याने टक्कन डोळे उघडले आणि गोष्ट जिथे तुटली होती तिथूनच सुरू केली. शर्वाणी एकाच वेळी हसलीही आणि रडलीही.

“आता ऐंशी टक्क्यांवर चार्जर काढायचा,” आजी म्हणाल्या. मग दुसरीकडे बघत म्हणाल्या, “उद्याही ये. काही बिघडलंच पाहिजे असं नाही. नुसती ये.”

संध्याकाळी शर्वाणीने आईला स्पीकरवर फोन लावला आणि एका दमात सगळं सांगितलं.

“पण नवा हजार आवाजांत बोलतो गं,” आई म्हणाली. “तू एकटी असतेस, म्हणून मुद्दाम चांगल्यातला घेतला.”

“आई, मी एकटी असते ते भोपळ्या जुना झाला म्हणून नाही. तू नसतेस म्हणून.”

पलीकडे वारा घोंघावत होता. त्यातच आईने नाक ओढलं.

“रविवारच्या माणसाला नको म्हणून कळवते,” ती म्हणाली. “आणि रजेचा अर्ज टाकते. किती दिवस मागू?”

शर्वाणीने तोंड उघडायच्या आत भोपळ्या ओरडला, “पंधरा!”