चारशे बारा वेळा ‘येते’

रविवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी आमच्या मिरजेच्या घरात, टीपॉय आणि चपलांचं कपाट यांच्यामध्ये एक द्वारपाल येऊन उभा राहिला. पावणेसात फूट उंच, डोक्यावर शिंगांचं शिरस्त्राण, एका हातात भाला, दुसऱ्या हातात गुंडाळी केलेलं पत्र. पंखा लागू नये म्हणून तो जरा वाकला होता. खरं तर तो नुसत्या प्रकाशाचा बनलेला होता, त्याला पंखा लागलाच नसता. पण इतक्या थकलेल्या माणसाला हे सगळं कोण समजावत बसणार?

“वीरांगना वल्लरी,” तो म्हणाला, “आपण येणार आहात की नाही, ते एकदाच काय ते सांगा.”

वल्लरी म्हणजे मी. वीरांगना मी फक्त ‘सप्तद्वार’मध्ये आहे, शाळेत मी सातवी ब मध्ये आहे. ‘सप्तद्वार’ ही सात भागांची गेम. २०६३ सालापासून आमच्या वर्गातली सगळी मुलं ती खेळतात, आणि जी खेळत नाहीत त्यांना नाइलाजाने अभ्यास करावा लागतो. भिंतीवरच्या प्रक्षेपकातून (प्रकाशाने हवेत चित्रं उभी करणारं यंत्र) गेमचं जग आमच्या बैठकीच्या खोलीत उभं राहतं आणि आपण त्यातलं एक पात्र होऊन फिरायचं. प्रत्येक भागात एक दार, दाराआड एक वेगळा लोक. दुसऱ्या भागात धुक्याचा लोक आहे. चौथ्यात आरशामागचा लोक, तिथे सगळे डावखुरे. सहाव्यात एक असा लोक आहे जिथे कायम मंगळवार असतो. तिथे फारसं कोणी थांबत नाही. सातव्या भागाच्या जाहिरातीत ‘समांतर विश्वांसह’ असं लिहिलं होतं. ‘खोबऱ्याच्या वाटणासह’ असं लिहितात तसं काही असेल, असं समजून मी पुढे गेले होते.

या सगळ्या दारांवरचा द्वारपाल म्हणजे भैरवसेन. मी त्यांना काका म्हणते. त्यामुळे मी त्यांना सांगितलं की काका, मी तर कालच तुम्हाला भेटले. तुम्ही माझं अग्निखड्ग हातात घेऊन बघितलंत, बरं आहे म्हणालात.

“काल मला कोणीही भेटलेलं नाही,” भैरवसेन म्हणाले. “आपण शेवटच्या भेटलात गेल्या वर्षी तेरा जूनला, संध्याकाळी सात वाजून बारा मिनिटांनी. ‘बरं काका, येते’ असं म्हणालात. तेव्हापासून मी दार उघडं धरून उभा आहे.”

मी रोज खेळत होते, एकही दिवस न चुकता. आई याला शिस्त म्हणत नाही, पण ती शिस्तच आहे. आणि रोज मला हेच काका भेटत होते. मग हे कोण?

आरामखुर्चीतून आजोबांनी एक डोळा उघडला. आजोबा म्हणजे आईचे बाबा, निवृत्त भौतिकशास्त्रज्ञ. त्यांनी अडतीस वर्षं समांतर विश्वं शोधली. एकही सापडलं नाही. निरोप समारंभात त्यांना शाल मिळाली, ती पांघरून ते तेव्हापासून पडून आहेत.

“पत्रात काय आहे?” त्यांनी विचारलं.

दुसऱ्याचं पत्र वाचू नये म्हणून भैरवसेनांनी ते उघडलंच नव्हतं. मी उघडून मोठ्याने वाचलं. ‘प्रिय खेळाडू, आपली साठवणुकीची जागा भरली आहे. आपल्या नावावर सध्या एक चालू विश्व आणि चारशे बारा प्रतीक्षेतील विश्वं आहेत. आज सायंकाळी सहा वाजता प्रतीक्षेतील सर्व विश्वं पुसण्यात येतील. हे पत्र सर्वांत जुन्या विश्वाच्या द्वारपालाहाती पाठवत आहोत. आपला दिवस आनंदात जावो.’

आजोबांनी दुसराही डोळा उघडला. हे गेल्या दोन वर्षांत झालं नव्हतं.

“चारशे बारा,” ते म्हणाले. “मला अडतीस वर्षांत एक नाही. आणि ही बसल्या जागी चारशे बारा.”

भैरवसेनांनी थोडा वेळ विचार केला आणि पुसली जातील म्हणजे नक्की काय होईल, असं विचारलं. मग तेच म्हणाले, की म्हणजे दार राहणार नाही आणि धरायला मीही राहणार नाही. तसं असेल तर एवढे दिवस उभं राहायला नको होतं.

घड्याळात चार वाजून वीस मिनिटं झाली होती.

आजोबांनी माझी निबंधाची वही मागितली. त्यात ‘माझा आवडता ऋतू’ हा निबंध अर्धा लिहून पडला होता. त्यांनी वहीवर बोट ठेवून सांगायला सुरुवात केली. त्यांचा आवाज असा होता, की हे वाक्य त्यांनी पूर्वी बऱ्याच रिकाम्या खुर्च्यांना सांगितलं असावं.

“हे पान उलटलं की दुसरं पान येतं. तुमचा धुक्याचा लोक, आरशाचा लोक, मंगळवारचा लोक ही सगळी एकाच वहीतली वेगवेगळी पानं. पान उलटता येतं, म्हणून त्यांच्यामध्ये दार असतं. आलं लक्षात?”

मी हो म्हटलं.

“आता हा अर्धा निबंध झेरॉक्स कर. एका प्रतीत पुढे लिही, मला हिवाळा आवडतो. दुसरीत लिही, मला एकही ऋतू आवडत नाही. अर्ध्यापर्यंत दोन्ही निबंध सारखे, कारण त्यांचा भूतकाळ एकच. पुढे मात्र दोघांचं नशीब वेगळं. याला शाखा म्हणतात (शाखा म्हणजे फांदी, खोड एक, पुढे वाटा दोन). समांतर विश्व म्हणजे दुसरं पान नव्हे, दुसरी वही. एका वहीतून दुसरीत जायला दार नसतं. म्हणून एका वहीतल्या भैरवसेनांना दुसऱ्या वहीतले भैरवसेन माहीत नसतात.”

“म्हणजे काल यांनी ज्यांना खड्ग दाखवलं,” भैरवसेन म्हणाले, “ते माझ्यासारखेच, पण मी नव्हे.”

“बरोबर. आणि हे गेममधलं झालं. खऱ्या जगात अशा वह्या आहेत की नाहीत, हे अजून कोणालाच माहीत नाही. मला तर मुळीच नाही.”

प्रश्न एवढाच उरला, की माझ्या वह्यांच्या झेरॉक्स कोण काढत होतं. आजोबांनी गेमची नोंदवही भिंतीवर उघडायला लावली. सातव्या भागाचा एक नियम आहे: खेळाडू बोलतो एक आणि करतो दुसरंच, तेव्हा खरं काय धरायचं ते गेमला कळत नाही. मग ती दोन्ही गोष्टी ठेवते, दोन शाखांमध्ये. माझ्या प्रत्येक शाखेच्या आरंभाला माझं एकच वाक्य होतं. बरं काका, येते. बरं काका, येते. पानंच्या पानं.

आजोबा बराच वेळ त्या भिंतीकडे बघत राहिले. “या गेमला मराठी कोणी शिकवलं?”

कोणी शिकवलं कोण जाणे, पण शब्दकोशातून शिकवलं असणार. गेमच्या लेखी ‘येते’ म्हणजे येते. मी रोज संध्याकाळी येते म्हणायचे आणि निघून जायचे. त्यामुळे गेम रोज दोन विश्वं करायची. एकात मी गेले. दुसऱ्यात मी आत्ता येणार, म्हणून काकांनी दार उघडं धरलेलं.

खात्री करण्यासाठी आजोबांनी मला दुसरा शब्द वापरून बघायला सांगितलं. मी भैरवसेनांकडे बघून म्हटलं, बरं काका, जाते, आणि खोलीबाहेर पाऊल टाकलं. भिंतीवरचा विश्वांचा आकडा हलला नाही. स्वयंपाकघरातून आई हलली.

“वल्लरी, जाते काय? येते म्हणावं. किती वेळा सांगितलंय.”

“चारशे बारा वेळा ऐकलंय तिने,” आजोबा म्हणाले. आईला हे कळलं नाही, पण ते आपल्या बाजूने बोलले असं समजून ती परत आत गेली.

पाच वाजत आले होते. मी आजोबांना विचारलं, की सगळ्या वह्यांची एकच वही नाही का करता येणार? आजोबा म्हणाले, गेम काही पूर्ण झेरॉक्स काढत नाही, तेवढी जागा कोणाकडेच नसते. मूळ वही एकच ठेवते आणि प्रत्येक शाखेत फरक तेवढा चिठ्ठीवर लिहून चिकटवते. चिठ्ठ्या एकमेकींच्या विरोधात नसतील तर त्या एकाच वहीत लावता येतात. याला विलीनीकरण म्हणतात (वेगळं झालेलं पुन्हा एकत्र करणं).

मग आम्ही चिठ्ठ्या वाचायला बसलो. बहुतेकींवर एकच ओळ होती: भैरवसेन उभा आहे. आजोबा म्हणाले, ज्या विश्वांत काहीही फरक नाही ती दोन कशाला मोजायची? ते हे म्हणाले आणि मध्येच थांबले, शालीचं टोक बोटाला गुंडाळत. मग पुढची चिठ्ठी घेतली.

काही चिठ्ठ्या मात्र वेगळ्या होत्या. अडतिसाव्या विश्वात भैरवसेन शीळ वाजवायला शिकले होते. एकशे सतराव्यात त्यांनी दाराचे खिळे मोजले होते, नऊशे साठ. तीनशे पन्नासाव्यात ते माझ्या स्वागताचं भाषण तयार करत होते आणि पहिल्याच वाक्याला अडले होते. आमच्या समोरचे भैरवसेन हे सगळं दुसऱ्याच्या लग्नाचे फोटो बघावेत तसं बघत होते.

दोनशे तिसऱ्यावर गाडी अडली. त्या विश्वात दाराशी एक गाढव आलं होतं आणि काकांनी त्याचं नाव कर्नल ठेवलं होतं. दोनशे चौथ्यातही तेच गाढव आलं होतं, पण तिथे त्याचं नाव बंडोपंत. दोन चिठ्ठ्या एकमेकींच्या विरोधात. गेमने विचारलं: कोणतं विश्व पुसायचं?

“कोणतंही नाही,” भैरवसेन म्हणाले. “कर्नल बंडोपंत लिहा. हुद्दा आणि नाव.”

गेमला ते पटलं. पाच वाजून पस्तीस मिनिटांनी सगळ्या चिठ्ठ्या एका गठ्ठ्यात आल्या. आता फक्त हो म्हणायचं होतं. पण आजोबांनी भैरवसेनांना आधी एक गोष्ट स्पष्ट सांगितली. सगळी विश्वं एक झाली की सगळ्या आठवणी त्यांच्या. शीळ त्यांची, खिळे त्यांचे. आणि चारशे बारा जणांचं उभं राहणंही त्यांचंच.

“थकव्याची बेरीज होईल?”

“होईल.”

“आणि हो म्हटलं नाही, तर त्या सगळ्यांचं?”

“सहा वाजता पुसले जातील. तुमच्यासकट.”

भैरवसेनांनी भाला या हातातून त्या हातात घेतला. “त्यातल्या एकाला शीळ येते,” ते म्हणाले. “मला कधीच आली नव्हती. चालेल. फक्त बसायला काहीतरी हवं.”

अडचण अशी, की ‘सप्तद्वार’च्या सातही भागांत खुर्ची नाही. सिंहासनं आहेत, पण ती राक्षसांची. द्वारपालाने कधी बसावं, हे कोणाच्या डोक्यातच आलेलं नव्हतं. माझ्यासारखा एकोणिसाव्या पातळीचा खेळाडू वस्तू घडवू शकतो, पण त्याला धातू लागतो. माझ्याकडे धातूची एकच वस्तू होती. अग्निखड्ग मिळवायला मी पाच महिने धुक्याच्या लोकात बेडकांशी लढले होते. बेडूक वाईट नव्हते, पण संख्येने फार होते.

मी खड्ग वितळवलं. त्यातून एक लोखंडी घडीची खुर्ची झाली, मंगल कार्यालयात असते तशी, एका पायाला जरा डुगडुगणारी. मी ती भैरवसेनांच्या मागे मांडली आणि हो म्हटलं.

फार काही दिसलं नाही. भिंतीवरचा आकडा एक झाला. भैरवसेन एकदम खाली वाकले, खुर्चीच्या पाठीला धरून बसले. मग त्यांनी अगदी हळू शीळ घातली. सूर लागला नाही, पण शीळच होती.

सहाला आठ मिनिटं होती. मी गेमच्या कोशात दुरुस्ती लिहिली: ‘येते म्हणजे जाते, पण परत येणार आहे.’ गेमने विचारलं, परत कधी? मी लिहिलं, उद्या पाच वाजता. गेम म्हणाली, मग प्रतीक्षा बसून करता येईल. मी म्हटलं, तेच तर.

तेवढ्यात खोलीत कसलासा आवाज झाला. आजोबा आरामखुर्चीतून उठले होते. शाल खाली पडली, ती त्यांनी उचलली नाही. त्यांना पेन हवं होतं. अडतीस वर्षं ते विश्वं शोधत राहिले, म्हणाले, पण फरकच नसेल तर दोन मोजायची की एक, हे आधी ठरवायला हवं होतं. माझ्या निबंधाच्या वहीत, जिथे माझा ऋतू संपत नव्हता, तिथून पुढे ते लिहायला लागले.

भैरवसेन उठले. त्यांनी खुर्चीची घडी घातली, काखेत धरली, पंख्याखाली वाकले. द्वारपालाने निरोप घेताना ‘प्रस्थान करतो’ म्हणायचं असतं, सातही भागांत तसंच आहे. ते दारापाशी थांबले, वळले.

“बरं,” ते म्हणाले, “येतो.”

मी भिंतीकडे बघितलं. आकडा एकच होता.

“या,” मी म्हटलं.