बुरुजावरच्या दोन दुर्बिणी

तिवरगडाच्या दक्षिण बुरुजावर नुकते फटफटू लागले होते. खालचे खोरे धुक्याने भरले होते, पलीकडच्या वाघजाईच्या डोंगराची सोंड त्यातून काळी वर आली होती, आणि तिच्या पायथ्याच्या घळीत वाघ बसल्याची खबर कारभारी विसाजीपंतांनी आदल्या दिवशी सदरेवर दिल्यामुळे गडाचे तरुण धनी निंबाजीराव सरकार शिकारीचा पोशाख करून, खाली उतरण्याआधी दुर्बीण पसंत करण्यासाठी तेथे उभे होते.

सुरतेच्या सौदागराने दोन दुर्बिणी पुढे ठेवल्या. एक हातभर लांब, पितळी, जड. दुसरी वीतभर, कातड्याने मढवलेली.

"हुजूर, या मोठीतून पलीकडच्या डोंगरावरच्या मुंगीच्या मिशा मोजाव्यात!"

"आम्हाला मुंगीची शिकार करायची नाही," सरकार हसले. "म्हाळसाबाई, तुम्ही सांगा."

म्हाळसा ही गडाच्या शिकारखान्याचे प्रमुख, मीरशिकार मायाजी काळोखे यांची मुलगी. म्हातारपणी मायाजींची नजर मंदावली तेव्हापासून रानात दुर्बीण तीच धरी आणि काय दिसते ते त्यांना सांगे. मायाजींना जाऊन चारच दिवस झाले होते. बोलावणे आले तेव्हा ती निघाली. निघू नये असे तिला वाटले नाही, निघावे असेही वाटले नाही.

"हिच्या घरी अजून दिवा जळतो आहे, सरकार," विसाजीपंत म्हणाले. "आणि बायामाणसांना दुर्बिणीतले काय कळणार? मोठी ती मोठीच. घ्यावी आणि घळीच्या तोंडावर धरावी. वाघ समोर येऊन बसेल."

दसऱ्याला सरकारांनी कारभाराचा शिक्का पंतांकडून काढून आपल्या हाती घेतला होता. तेव्हापासून पंत पूर्वीपेक्षा गोड बोलत.

म्हाळसाने मोठी दुर्बीण उचलून पाहिली. "ही हातात थरथरते, सरकार. दिसते जवळचे, पण पदराएवढेच. बाजूने काय आले ते कळत नाही. अपुऱ्या उजेडात अंधारतेही. रानात हिंडताना लहान बरी. आधी लहानीने शोधावे, आणि काही सापडले तर मोठी टेकवून ओळखावे."

"बाप बोलतोय जणू," पंत म्हणाले.

तिने लहान दुर्बीण डोळ्याला लावून सोंड सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिली. घळ शांत होती. डाव्या उतारावर मात्र, जिथून सरकारांची पायवाट जाणार होती तिथल्या करवंदीच्या जाळीतून, एक भेकर उधळून वर पळाले. हाकारे अजून गावातूनही निघाले नव्हते.

सरकारांचा शेला मागून घेऊन तिने तटाच्या दगडावर घडी करून ठेवला, त्यावर मोठी दुर्बीण टेकवली आणि श्वास धरून पाहिले. जाळीत धुराची बारीक रेघ होती. तोड्याच्या बंदुकीची जामगी पेटती असली की निघते तशी. मग दुसरी रेघ. मग पानांआड वाकलेली माणसे, आणि त्यांत एकाचे डोके ताजे भादरलेले, मिशी उतरवलेली.

मोठा भाऊ सटवाजी. बापाला अग्नी देताना त्याने क्षौर केले होते. रात्री तो म्हणाला होता, "म्हाळसे, उद्या बुरुजावर जाऊ नकोस. गेलीसच तर मोठी चांगली म्हण. बाकी मी बघतो." काय बघणार ते तिने विचारले नव्हते.

"काय दिसले?" सरकारांनी विचारले.

पंत तिच्याकडे पाहत होते. भेकर, एवढे म्हटले असते तर पुरले असते; सरकार खाली उतरले असते, आणि संध्याकाळी सटवाजी घरी आला असता. तिने रडू येण्याची वाट पाहिली. आले नाही.

"माणसे आहेत, सरकार. बंदुका घेऊन, तुमच्या वाटेवर."

"धुके आहे ते!" पंत ओरडले. "पोरीला दुःखाने वेड लागले आहे."

"सरकारांनी स्वतः पाहावे."

सरकारांनी दुर्बीण उचलली, पण रागाने त्यांचा हात कापत होता आणि काचेत डोंगर नाचत होता. तेव्हा म्हाळसा त्यांच्यासमोर, सोंडेकडे तोंड करून उभी राहिली. "माझ्या खांद्यावर टेकवावी."

नळी तिच्या खांद्यावर आली. तिने श्वास रोखला. ती जराशी हलली असती तर काचेत काहीच दिसले नसते. ती हलली नाही.

"बोडका आहे तो कोण?"

"सटवाजी काळोखे. माझा दादा."

"आणि तुम्ही नाव सांगता?"

"विचारलेत, सरकार."

विसाजीपंत जिन्याकडे वळले; पहारेकऱ्यांनी त्यांना पहिल्याच पायरीवर धरले. चोरदिंडीने उतरलेले स्वार सोंडेच्या मागून चढले, आणि उन्हे खोऱ्यात पोहोचण्याआधी बंदुकांचे आवाज तुटक तुटक वर आले. बाकीच्यांनी हत्यारे टाकली. सटवाजीने आपले टाकले नाही.

पंतांनी दुपारी कबुली दिली आणि त्यांची रवानगी तळघरात झाली. सटवाजीला बापामागे मीरशिकारी मिळायचीच होती. पंतांनी त्यावर दोन गावांचा मोकासा, म्हणजे त्यांचा वसूल, कबूल केला होता. घळीत वाघ कधीच नव्हता.

सरकारांनी सटवाजीचे प्रेत घरी पोहोचवण्याचा हुकूम दिला. घरात दुसरा पुरुष उरला नव्हता, म्हणून चुलत्याने अग्नी दिला. परतल्यावर म्हाळसाने भटजींना विचारले, "आता दादाचे दिवस आजपासून धरायचे ना?"

"नाही, बाई. वडिलांच्या सुतकातच हे आले. एकात दुसरे आले की पहिल्याबरोबरच फिटते. त्याचे वेगळे धरायचे नाही."

"अजिबात नाही?"

"शास्त्र तसे आहे."

तिने मान हलवली. मायाजींच्या दहाव्याला ती सर्वांबरोबर नदीवर न्हायली, घर सारवले, आणि रिवाजाप्रमाणे सगळे मोकळे झाले.