सहावं नाव

शुक्रवारी संध्याकाळी सहाच्या आधीच संघपाल दाराच्या पायरीवर येऊन बसे आणि हातातल्या मोबाइलकडे असा बघे, जणू नवरीकडची माणसं आत्ता त्यातूनच उतरणार आहेत. एप्रिल लागला होता. आदिलाबादच्या उन्हात दिवसभर भाजलेल्या भिंती संध्याकाळीही झळा सोडत होत्या. आत कूलर घरघरत होता आणि त्यातल्या ओल्या वाळ्याचा वास पायरीपर्यंत येत होता.

"आला का रे तुहा निकाल?" दीक्षाने ऑफिसची पिशवी खांद्यावरून उतरवत विचारलं.

"निकाल नाई ताई, लाइनअप म्हंतात त्याले."

"म्हंजे कोन कोन वाजवनार, त्याची यादी. यादीच ना?"

दीक्षा मंडल ऑफिसात, म्हणजे तहसिलीत, कनिष्ठ सहायक होती. रजिस्टर आणि नोंद यांच्यापलीकडे जगात काही असतं, यावर तिचा फारसा विश्वास नव्हता. वडील त्याच ऑफिसात शिपाई होते. ते गेल्यावर ती नोकरीला लागली तेव्हा संघपाल नऊ वर्षांचा होता. त्याला शिकवलं तिने, धपाटे घातले तिने आणि पहिला लॅपटॉपही तिनेच घेऊन दिला. बी.कॉम. होऊन पोरगा डीजे झाला, तेव्हा तिने दोन दिवस तोंड फुगवलं आणि तिसऱ्या दिवशी त्याच्या हेडफोनला पिशवी शिवून दिली.

यंदा हैदराबादच्या एका कंपनीने गुडीहत्नूरजवळ, हायवेला लागून असलेल्या एका जिनिंगच्या आवारात उन्हाळी संगीत महोत्सव ठेवला होता. कापसाचा हंगाम संपला की ते आवार ओसच पडे. गोवा, बंगळूर, थेट जर्मनीहून डीजे येणार होते. पण सगळी नावं एकदम सांगून टाकली तर लोकांनी वाट कसली बघायची? दर शुक्रवारी सहा वाजता थोडी थोडी नावं पोस्टरवर चढत, आणि सगळ्यांत खाली बारीक अक्षरांत एक ओळ असे : 'स्थानिक सुरुवात – नाव लवकरच.' त्या ओळीपायी संघपालचं खाण्यापिण्यावर लक्ष नव्हतं.

पहिल्या शुक्रवारी आठ नावं आली. त्याने आठही जणांचं वाजवणं ताईला ऐकवलं. तिला ती सगळी एकसारखीच वाटली, पण त्याच्या तोंडाकडे बघून ती मान डोलवत राहिली.

कंपनीला पाठवायचा नमुना त्याने फार मन लावून केला होता. जागेचा स्वतःचा आवाज त्यात असावा म्हणून तो भर दुपारी आवारात जाऊन आला होता. तिथल्या बुजवलेल्या विहिरीच्या सिमेंटच्या फरशीवर बसून त्याने चार मिनिटं नुसती शांतता रेकॉर्ड केली. घरी येऊन ऐकली, तर ती शांतता नव्हती. खोलवर कुठेतरी ठेका चालू होता. दोन ठोके, मग थांबणं, मग एक. तापलेल्या चामड्यावर काडी पडावी तसा कोरडा.

"ट्रक गेला असंन," दीक्षा म्हणाली. हायवे जवळच होता, तेव्हा तिच्यापुरता विषय तिथे मिटला.

संघपालने सगळा नमुना त्याच ठेक्यावर रचला. पाठवून झाल्यावर त्याने तो घरात पहिल्यांदा मोठ्याने लावला, तेव्हा त्यांची आई मनकर्णा गॅसवर कुरडयांचा चीक ढवळत होती. तिने गॅस बंद केला.

"बंद कर थे."

"काऊन?"

"तुह्या आज्याचा ठेका हाय तो."

आजा म्हणजे धोंडीबा. त्याला जाऊन पंधरा वर्षं झाली होती. तरुणपणी तो गावात मयतापुढे डफडं वाजवत असे. ते काम त्यांच्याच माणसांवर टाकलेलं होतं, नाही म्हणायची सोय नव्हती. धम्म घेतला त्या वर्षी गावातल्या पाच वाजवणाऱ्यांनी आपापली डफडी गावच्या विहिरीत सोडली आणि पुन्हा हात लावायचा नाही असं ठरवलं. धोंडीबाने शब्द पाळला. फक्त शेवटच्या आजारात, वाचा गेल्यावर, त्याची बोटं खाटेच्या माच्यावर वाजत राहिली.

"अकरा दिवस ऐकला म्या," मनकर्णा म्हणाली. "दुसऱ्या कोनाले तो येत नाई. अन् थे विहीर आता जिनिंगच्या आवारात गेली."

संघपालचे डोळे चमकले. "म्हंजे आजा माह्यासंगं वाजवून राह्यला!"

कढईतला चीक थिजून गेला होता, त्या दिवशी कुरडया झाल्याच नाहीत.

दुसऱ्या शुक्रवारी पोस्टरवर नववं नाव आलं : महिपत. ना फोटो, ना गावाचं नाव. संघपालने मोबाइल धुंडाळला, पण त्या नावाचा कुणी डीजे सापडला नाही. "पुन्याचा नवा असंन. आजकाल असेच जुने नावं घेतात," त्याने स्वतःची समजूत घातली. तिसऱ्या शुक्रवारी आणखी तीन आली. किसना, राघो, बळी. बसस्टँडवर तेच पोस्टर तेलुगूतही लागलं. कॉलेजची पोरं त्यापुढे उभी राहून फोटो काढत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दीक्षा अंगण झाडत होती. बाजारातून नवा खराटा आणला होता, इतका जाड की मुठीत मावेना. झाडता झाडता तिने आईला सहज ती चार नावं सांगितली. मनकर्णा ओट्यावर तांदूळ निवडत होती. तिचा हात सुपातच राहिला.

"धोंडीबा नाई आला अजून?" तिने विचारलं.

दीक्षाच्या हातातला खराटा थांबला.

"पाच होते ते," आई म्हणाली. "चौघं आले."

दीक्षाला भुताखेतांची भीती नव्हती. तिला चुकीच्या नोंदीची चीड होती. त्या सोमवारी जेवणाच्या सुट्टीत ती भार्गव देशपांड्यांकडे गेली. कंपनीचं इथलं सगळं काम ते बघत. चार पिढ्यांपासून आदिलाबादेत असलेल्या घरातले, सभ्य, कमी बोलणारे इंजिनिअर.

"मीही तेच विचारतोय सगळ्यांना," ते म्हणाले आणि उठून खोलीचं दार लावून आले. "आम्ही आठच नावं पाठवली होती, ताई. हैदराबादला पोस्टर करणारा म्हणतो, मला मिळालेल्या कागदावर बारा आहेत. कागद मागवला. खरंच बारा आहेत. खाली सही माझी आहे."

"मंग काढून टाका ना."

"दोनदा काढली," भार्गव म्हणाले आणि टेबलावरचा पेपरवेट उगाच इकडचा तिकडे केला.

चौथ्या शुक्रवारी धोंडीबा आला.

त्याच संध्याकाळी भार्गवांचा फोन आला. स्थानिक सुरुवातीसाठी संघपालची निवड झाली होती. महोत्सवाच्या आदल्या दिवशी, म्हणजे पुढच्या शुक्रवारी, शेवटच्या यादीत त्याचं नाव लागणार होतं. संघपालने ताईला उचलून गरकन फिरवलं. तिच्या वाढलेल्या वजनावरून तिला चिडवलं. ती हसली. तिला मनापासून आनंद झाला होता, आणि त्या आनंदाखाली काहीतरी गार होतं.

स्वयंपाकघरात आई भिंतीला टेकून बसली होती.

"त्या पाचाहिचं नाव कधी कुठंच लागलं नाई, बाई," ती म्हणाली. "गावच्या वहीत नाई, कोनाच्या पत्रिकेत नाई. वाजवनारे पाच, एवढंच लिवत. आधी मयताच्या दारात काड्या पेटवत अन् डफडी शेकत. शेकल्याबिगर चामडं बोलत नाई. काड्या त्याच घरच्या लागत. मंग पाच जन पुढं चालत."

"अन् मंग?"

"मंग काय? मांगून सहावा. खांद्यावर." मनकर्णाने पदराने तोंड पुसलं. "नाव फक्त त्याचंच लिवत."

दीक्षाने मोबाइल काढला. धोंडीबाच्या नावाखाली ती ओळ होती. नाव लवकरच.

आठवडाभर ती नीट झोपली नाही. संघपालला समजावून पाहिलं. "आज्याचं नाव लागलं, तुले आनंद नाई का?" तो म्हणाला. त्याचा आनंद बघून तिला पुढे बोलवेना. तो दिवसभर हेडफोन लावून सराव करत होता आणि त्याची बोटं ताटाच्या काठावर, दाराच्या कडीवर, कशावरही वाजत होती. दोन ठोके, थांबणं, एक.

गुरुवारी दुपारी ती पुन्हा भार्गवांच्या समोर बसली.

"माह्या भावाचं नाव काढा. त्याची तब्येत बरी नाई."

ऑफिसात पंधरा वर्षं दुसऱ्यांची खोटी कारणं लिहून घेतलेली बाई आज स्वतः खोटं बोलली. भार्गवांनी तिच्याकडे बघितलं, पण जास्त विचारलं नाही. लॅपटॉप तिच्याकडे वळवला. संघपालचं नाव तिने स्वतःच्या हाताने पुसलं. पोस्टरवर आपलं नाव लागावं म्हणून किती वर्षं त्याने वाट बघितली होती!

"तो रकाना रिकामा ठेवता येत नाही," भार्गव म्हणाले. "सिस्टीम घेत नाही. उद्या आम्ही भैंसा गावच्या कुणाचं तरी टाकू, आत्ता तात्पुरतं काहीतरी लिहा."

रिकामा रकाना तिला कधीच बघवला नव्हता. ऑफिसात अर्ज घ्यायला बसली की लोकांनी सोडलेल्या जागा तीच भरी. हात सवयीने चालला आणि तिने आपलं नाव लिहिलं. मग तिला कळलं, काय लिहिलं ते.

हे सगळं थोतांड असेल तर आपल्या नावाने काय बिघडणार होतं? आणि नसेल, तर निदान ते संघपालचं नाव नव्हतं.

तिने पुसलं नाही.

शुक्रवारी सहा वाजता तो पायरीवर बसला होता. नवा शर्ट घालून.

ती दारात उभी राहून त्याच्या पाठीकडे बघत होती. मोबाइल वाजला. त्याने वाचलं. पुन्हा वरपासून वाचलं.

"दीक्षा," तो म्हणाला. तिचं नाव त्याने आयुष्यात पहिल्यांदा ताई न लावता घेतलं होतं. "तुहं नाव हाय इथं."

"ते आज बदलवनार होते रे."

"तुले वाजवता तरी येते का? काऊन केलं असं?"

तो न जेवता आत जाऊन पडला. तिकडे आता पायही ठेवणार नाही म्हणाला. तिला हेच हवं होतं, आणि तरी तिला रडू आलं.

शनिवारी सकाळी जाग आली, तेव्हा उन्हं खिडकीत आली होती. तिने आधी संघपालकडे बघितलं.

तो पालथा झोपला होता. पाठ संथ वरखाली होत होती. बोटं उशीवर निपचित.

तिने तोंडावर हात दाबून हसू आवरलं. वेडी आपण, तिला वाटलं. शिकलेली वेडी.

रोजच्यासारखा सडा टाकायला तिने बादली भरली आणि दार उघडलं.

वास आला. जळक्या काडीचा. आणि त्याखाली दुसरा, तापलेल्या चामड्याचा.

पायरीच्या खाली ओंजळभर राख होती.

राखेभोवती धुळीत पाच वाटोळ्या खुणा उमटल्या होत्या, जेवायच्या ताटाएवढ्या. समोरच्या नळावर दोन बाया पाणी भरत होत्या. गल्ली नेहमीसारखी होती.

तिने वाकून राखेवर तळवा धरला. राख गरम होती.

"काय झालं वं?" आईने आतून विचारलं.

"काई नाई, माय."

आई बाहेर यायच्या आत झाडून टाकावं म्हणून तिने दाराआडचा खराटा उचलला.

काल तो मुठीत मावत नव्हता. आज त्यातल्या काड्या निम्म्याच उरल्या होत्या, तिची बोटं एकमेकांना टेकली.