उष्माशोधन

सावरटोल्यातल्या चाळीस घरांच्या माळ्यांवर चाळीस संगणक होते आणि त्या घरांखाली, दोनशे फुटांवर, बंद पडलेली कोळसाखाण. भिंतीतला कलमापी जमिनीचे केसभर कलणेही टिपायचा. संगणक ते जोखायचा आणि धोका दिसला की साऱ्या वस्तीला ऐकू जाणारा भोंगा वाजवायचा.

मे महिन्यात पत्र्याखालच्या माळ्यांनी बावन्न अंश गाठले. तापलेल्या भिंती फुगल्या, आणि भोंगा आठवड्यात सोळा वेळा उगाच वाजला. सोळाव्या वेळी कुणीही घराबाहेर आले नाही. त्याच संध्याकाळी अभियंता केतकी झाडे हिने ‘उष्माशोधन’ लिहिले : तापमानाबरोबर जे जे हलेल, ते यंत्राने वजा करावे.

भोंगा तेव्हापासून मुका होता.

जानेवारीतल्या एका सकाळी ती तपासणीसाठी वामनराव गेडामांच्या माळ्यावर चढली. खाणीतले निवृत्त ओव्हरमन, म्हणजे पाळीचे मुकादम, वामनराव दुखरे गुडघे सावरत मागोमाग आले. बाहेर सात अंश होते. वर मात्र उन्हाळ्यातली एखादी दुपार परतायची विसरली असावी, तशी ऊब. संगणकाशेजारी सुपात मुगवड्या पसरल्या होत्या.

“तुझं यंत्र म्हणजे आमच्या बाईची शेगडीच झाली,” वामनराव म्हणाले. “काल रात्री घातलेल्या वड्या बघ, खडखडीत.”

“काकूंना सांगा, अर्ध्या वड्या यंत्राच्या.”

हसता हसता केतकी थांबली. “काका, याचा दिवा का विझलाय?”

“परवा उंदरानं वायर खाल्ली. तू येणारच होतीस, म्हणून नाही कळवलं.”

“म्हणजे दोन दिवस हे बंद आहे?”

ती वड्यांकडे पाहत राहिली. मग तिने भिंतीला तळहात लावला. पत्र्याजवळ भिंत कोमट होती. हात खाली सरकत गेला तसतशी ती तापत गेली.

“कोळशाला हवा लागली की तो आपणहून धुमसतो,” वामनराव हळूच म्हणाले. “आत राख होते. राखेवर छत टिकत नाही, पोरी.”

केतकीने वायर जोडली, वगळलेल्या नोंदी उघडल्या. ऑक्टोबरपासून रोज एकच शेरा : ‘तापमानजन्य. दुर्लक्षित.’ भिंत तापत होती, भिंत कलत होती. दोन्ही एकत्र घडत होते, म्हणून यंत्राने दोन्ही सोडून दिले होते. तिने शिकवले होते तसेच. वजा केलेले सारे तिने पुन्हा मिळवले. सुरक्षित मर्यादा तीन मिलिमीटरची होती. बेरीज एकोणीस आली.

“बाकीच्या घरांत?” वामनरावांनी विचारले.

“सगळीकडे हेच शोधन आहे, काका.”

तिने हाताने भोंगा सुरू केला. वामनराव बायकोला हाका मारत शिडी उतरू लागले. केतकीने माळ्याची खिडकी उघडली. समोरच्या प्रत्येक माळ्याच्या खिडकीत सुपे दिसत होती, वड्यांनी भरलेली.

भोंगा वाजत राहिला. एकही दार उघडले नाही. पलीकडच्या घरात एका बाईने वर पाहिले, कपाळाला आठ्या घातल्या, आणि आवाज नको म्हणून खिडकी लावून घेतली.