पोटाकडे बघणारी माणसं

"चोरी झालीय! भिंतीवरचं अख्खं माणूस चोरीला गेलंय, आणि ज्यानं हा हुकूम सोडला तो उजळ माथ्यानं हिंडतोय!"

दिशाचा आवाज बावड्याच्या समाजमंदिराच्या पत्र्यावर जाऊन आदळला. शिडीवर बसून भेळ खाणारा अविराज पेंटर असा दचकला, की अर्धी भेळ खाली उभ्या समाधानच्या डोक्यावर!

"ए पोरी, हळू!" समितीचे अध्यक्ष संभाजीराव पुढे आले. "कसली चोरी? चित्र जसं हुतं तसंच हाय. मधलं पापुद्रं निघालं हुतं, तेवढं भरून घेतलं."

"कुणी सांगितलं भरायला?"

"वरून सांगितलं."

पिंकीने मान वर केली. "वर तर नुसता पंखा हाय," ती म्हणाली.

"निघा हितनं! दुपारी व्हार्निश मारायचंय. उद्या पाहुण्यांच्या हस्ते उद्घाटन हाय."

चौघं बाहेर पडली. दिशा पिंपळीची, मे महिन्याच्या सुट्टीत चुलतभावंडांकडे आलेली. समाधान तिच्याच वयाचा. पिंकी त्याची धाकटी बहीण, तोंडाने सगळ्यांत मोठी. चौथा मिहिर, गावातल्या जनावरांच्या डॉक्टरांचा मुलगा.

भिंतीवरचं ते चित्र दिशाच्या आजोबांनी, बुद्धघोष गुरुजींनी, तरुणपणी काढलं होतं. दुष्काळात गावच्या विहिरीला पहिलं पाणी लागलं, तो दिवस. पुढे समाजमंदिराचं गोदाम झालं आणि चित्र कपाटांच्या मागे गेलं. किती वर्षं कुणी पाहिलंच नाही. गुरुजी, म्हणजे दिशाचे आबा, वारले. त्यांची बहीण छबूबाई तेवढी राहिली. पोरं तिला आत्तीआजी म्हणत.

सकाळी तिनंच पोरांना पाठवलं होतं. "माझी आई दिसती का बघून या. कळशी घेऊन मधोमध उभी हाय. माझं गुडघं धड असतं तर मीच पळत गेले असते."

तिची आई म्हणजे अक्काबाई. तिचा एकही फोटो कुणाकडे नव्हता. चित्रातलं तोंड तेवढंच काय ते उरलेलं. आणि आता तिथे कोण उभं होतं? पांढरा फेटा बांधलेला, मिशीला पीळ भरणारा, गुलाबी गालांचा एक धिप्पाड माणूस!

"म्हणं उद्याच्या पाहुण्यांचं आजोबा हायती," समाधान केसातली शेव झटकत म्हणाला. "विहिरीची जागा त्यांनीच दिली म्हणं."

"खोटं!" दिशा फणकारली. "विहीर अक्काबाईच्या रानात हाय. पाणी सगळ्या गावाला तिनंच खुलं केलं."

घरी सगळं ऐकून छबूबाईने मान हलवली. मग म्हणाली, "न्हाय रं. ती हाय तितं. पिवळंधमक लुगडं नेसलीया."

ओट्यावर पान खात बसलेला शेजारचा धोंडीबा हसला. "छबूताई, अक्काबाईला पिवळं लुगडं? चार ठिकाणी फाटलेलं, दंड घालून शिवलेलं लुगडं नेसायची ती. मातीचा रंग आन् लुगड्याचा रंग एकच!"

छबूबाईचा चेहरा उतरला. "व्हय की. पिवळं तिच्याकडं नव्हतंच. मग मला पिवळं का आठवतंय गं, दिशा? मला येड लागायलं का?"

दिशाला गलबलून आलं. चित्रातून बाई पुसली ती पुसलीच, वर हिच्या डोक्यातूनही पुसायला निघाले होते! पण मनात एक कुसळही टोचलं. खरंच आजीचा घोळ होत असेल तर? संभाजीराव खरं बोलत असतील तर?

"पुन्हा जायचं," ती म्हणाली. "कुणाला काय आठवतंय ते सोडा. चित्रालाच विचारू."

"चित्र बोलतं व्हय?" पिंकीने विचारलं.

"आबा म्हणायचे, चित्रातली माणसं कुणाकडं बघत्यात ते आधी बघ. चित्रकार आपला डोळा त्यांच्या डोळ्यानं वळवतो."

चौघं खिडकीशी जाऊन उभी राहिली. भिंतीवर विहिरीभोवती गाव जमलेलं. म्हातारे, बाया, कडेवरची पोरं. सगळ्यांच्या माना वळलेल्या. मिहिर बराच वेळ बघत राहिला आणि एकदम ओरडला, "अरे, हे सगळे त्या फेटेवाल्याच्या पोटाकडे बघतायत!"

खरंच! एकही माणूस त्याच्या तोंडाकडे बघत नव्हता. सगळ्या गावाची नजर सदऱ्याच्या दुसऱ्या गुंडीवर!

"लई जेवला असंल," पिंकी म्हणाली.

"हसू नका. ओंजळी बघा," दिशा कुजबुजली. "सगळ्यांनी ओंजळी पुढं केल्यात. पाणी ओततंय कोण? ह्याचा एक हात मिशीला, दुसरा पाठीमागं!"

"ही माणसं काय मिशी प्यायला आलीत?" समाधान म्हणाला.

आता दिशाचं लक्ष खाली गेलं. विहिरीच्या काळपट पाण्यात पिवळा रंग लकाकत होता. हळदीसारखा. बाकी सगळं चित्र मातकट, राखाडी, तपकिरी. पिवळा तेवढा तिथेच. पाण्यात पडछाया पिवळी, आणि काठावर उभा माणूस पांढरा!

दिशाने खिडकीचे गज घट्ट धरले. आबा अजून काय म्हणायचे? सगळं चित्र मातकट ठेव आणि एकच रंग पेटव. डोळा धावत तिथं जातो.

"पेंटरनं बाई झाकली, पण तिची पडछाया झाकायची राहून गेली," ती म्हणाली. "कारण त्याला ती कळलीच नाही!"

तेवढ्यात अविराजने व्हार्निशच्या डब्याचं झाकण उचकटलं. एकदा व्हार्निश बसलं की वरचा रंग निघायचा नाही, संपलं!

"पिंकी, अध्यक्षांना बाहेर काढ."

पिंकी आत पळाली. "संभाजीतात्या! वाऱ्यानं बॅनर फाटाय लागलाय! बरोब्बर तुमच्या मिशीतनं!"

संभाजीराव जे सुटले ते चपला विसरूनच. मिहिर मांडववाल्याकडून सुतळीचं बंडल घेऊन अविराजसमोर उभा राहिला. "काका, पाहुण्यांची खुर्ची चित्राच्या बरोबर मध्यावर यायला हवी ना? जरा माप घेऊया. हे टोक धरता?"

"हुशार हायस की!" असं म्हणत अविराजने सुतळी धरली. चित्रातल्या म्हाताऱ्याच्या डोळ्यापासून एक. ओंजळवाल्या बाईच्या डोळ्यापासून दुसरी. कडेवरच्या पोराच्या डोळ्यापासून तिसरी. नजर जिकडे, सुतळी तिकडे. समाधान नि मिहिर ताणत होते, आणि बिचारा अविराज स्वतःच्या हाताने स्वतःचं बिंग बांधत होता!

तिन्ही सुतळ्या दुसऱ्या गुंडीवर एकमेकींना छेदून गेल्या.

दिशाने त्या गुंडीला बोट लावलं. बोट पांढरं झालं, खडू लागल्यासारखं. म्हणजे खाली आबांचा तेलरंग, वर घाईघाईने फासलेला, पाण्याने निघणारा डिस्टेंपर! तेलरंगावर तो कसला धरतोय!

तिने ओला रुमाल घेतला. क्षणभर हात थांबला. खाली काहीच नसलं तर? आबांच्या चित्राला हात लावल्याबद्दल सगळं गाव तिलाच धरेल. तिने श्वास घेतला आणि गुंडी पुसली.

फेटेवाल्याच्या पोटातून एक डोळा तिच्याकडे बघत होता.

"आई गं!" अविराजच्या हातून सुतळी सुटली.

"समाधान, पळ! आत्तीआजीला घेऊन ये!"

बॅनर धडधाकट बघून संतापलेले संभाजीराव परत आले तोवर दारात गर्दी झाली होती. "रुमाल टाक, पोरी! समितीचं काम खराब करतीस?"

"खराब कुणी केलं ते दिसतंयच की," धोंडीबा गर्दीतून म्हणाला. पान थुंकून तो चक्क पुढे आला. "पुसू दे तिला."

समाधानच्या वडिलांनी छबूबाईला मोटरसायकलवरून आणलं. काठी टेकत ती भिंतीपाशी गेली. रुमाल घेतला नाही. पदराचं टोक पाण्यात बुडवलं आणि शाळेत निघालेल्या लेकराचं तोंड पुसावं तसं हलक्या हाताने पुसू लागली. फेटा ओघळला. मिशी ओघळली. कपाळ आलं, गाल आले, कळशी तोललेले दोन हात आले. आणि मग खांद्यावरून खालपर्यंत पिवळं लुगडं, असं पेटलेलं की मातकट गाव उजळून निघालं!

"आलीस का गं आई?" छबूबाई म्हणाली.



"पण हे लुगडं..." धोंडीबा चाचरला.

"नव्हतंच तिच्याकडं," दिशा म्हणाली. "आबांनी चित्रात नेसवलं. त्या दिवशी गावाला ती कशी दिसली, तो रंग हाय तो. आत्तीआजी, तुला येड न्हाय लागलं. तुला बरोबर आठवत हुतं!"

छबूबाईने तिची अलाबला घेतली. कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी. "बुद्धघोष गुरुजींची नात शोभतीस!" म्हणत धोंडीबाने पोरांना भेळ कबूल केली. "डोक्यावर नको, हातात द्या," समाधानने बजावलं.

दिशा हसली नाही. ती अविराजकडे वळली. "तुम्हांला कुणी सांगितलं?"

"अध्यक्षांनी," त्याने मान खाली घातली.

"आन् तुमाला, तात्या?"

संभाजीरावांनी चपला शोधायचा बहाणा केला. "सांगितलं की. वरून."

"त्या वरच्याला नाव असंल ना? उद्या तो ह्याच खुर्चीत बसणार ना? का तो आत्ता हितंच उभा हाय?" दिशाने हार घालून ठेवलेली पाहुण्यांची खुर्ची फरफटत ओढून अक्काबाईच्या समोर आणली. "सगळं गाव उभं हाय. माझी पणजी बघतीया. बसा हितं आन् तिच्या डोळ्याला डोळा देऊन सांगा. हिला पुसायला कुणी सांगितलं?"